अंगठा दुखतो, कोणता माउस घेऊ?

प्रश्न : अमळनेरला आडत दुकानात दिवसभर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करते. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं. ट्रॅकबॉल (जागेवरच ठेवून वरचा गोळा फिरवायचा माउस) घेऊ का?

उत्तर : घ्या ताई, पण अंगठ्याने फिरवायचा मुळीच नको; सगळा भार दुखऱ्या जागीच येईल. मधोमध मोठा गोळा असलेला, बोटांनी फिरणारा बघा. त्याआधी बिनखर्चाचं करा. माउस डावीकडे घ्या, विंडोजच्या सेटिंगमध्ये बटणं उलटी करा. कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, उभे असले की मनगट वर मुडपतं. आणि टॅलीत माउस लागतोच कशाला? एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ विक्री, कंट्रोल-ए दाबलं की नोंद जतन! रात्री बोटं बधिर होत असतील, तर खरेदी थांबवून आधी अस्थिरोगतज्ज्ञांना हात दाखवा.