टूर द फ्रान्स बघताना वाइन: सुरुवात कुठून करावी

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीच्या एकवीस टप्प्यांसाठी पहिल्याच वर्षी एकवीस बाटल्या गोळा करत बसू नका. द्राक्षमळ्यांतून जाणारे दोन-तीन टप्पे निवडा आणि त्या त्या भागातली वाइन आणा.

2024 चा सातवा टप्पा घ्या: न्युई-सँ-जॉर्ज ते जेव्हरे-शांबेर्तां, 25.3 किलोमीटरची टाइम ट्रायल (प्रत्येकानं एकट्यानं, घड्याळाविरुद्ध), रेम्को एव्हनेपूलनं जिंकलेली. बर्गंडीच्या या पट्ट्यातली लाल वाइन म्हणजे पिनो न्वार या द्राक्षाची. लेबलवर गावाचं नाव आलं की किंमत चढते, म्हणून आधी नुसतं 'बूर्गोन्य' (बर्गंडीचं फ्रेंच नाव) लिहिलेली लाल वाइनची बाटली घ्या. द्राक्ष तेच असतं. दोनच दिवसांनी शर्यत त्र्वा शहराच्या आसपास शँपेनच्या मळ्यांतल्या पांढऱ्या खडीच्या वाटांवर गेली. धुळीनं माखलेले रायडर बघताना हातात शँपेन असावी, यासारखं सुख मला तरी दुसरं माहीत नाही!

लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला आपल्या जुलैला लागू नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. टप्पे बहुधा आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास संपतात, तेव्हा शेवटचे तीस-चाळीस किलोमीटर उरले की बाटली उघडा आणि सोबत जेवा.

प्रत्यक्ष तिकडे गेलात तर रस्ते शर्यतीच्या बरेच आधी बंद होतात. सकाळीच जागा धरा, उन्हात पाणी प्या, वाइन संध्याकाळी. आणि मळ्यात शिरू नका. जुलैत द्राक्षं अजून हिरवी असतात, वेलींमागे कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाची कमाई असते.