जर्मनीत ‘सिस्टीमने नाकारलं’ एवढंच सांगतात, खरं कारण मागायचा हक्क आहे का?

आहे. पण ते कुणाकडे आणि कोणत्या क्रमाने मागायचं, इथेच बहुतेकांची गाडी अडते. माझीही अडली होती.

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येऊन चौदा महिने झाले, पगार वेळेवर येतो, एक बिल थकलेलं नाही, तरी महिना २५ युरोच्या मोबाईल कराराला नकार आला. दुकानातल्या मुलीने खांदे उडवले आणि ‘सिस्टीम नाही म्हणते’ एवढंच सांगितलं. शेवटी एक ओळ अशी की दिस्पो (बँक खात्यावरचा ओव्हरड्राफ्ट) १,८०० युरो उणे आहे, ‘शूफाशिवाय कर्ज’ (शूफा म्हणजे इथली लोकांची पत मोजणारी खासगी संस्था) अशी जाहिरात दिसली, घेऊ का? नका घेऊ. त्यावर खाली येते.

आधी सांगते, मी वकील नाही. माइन्झला एका छोट्या कंपनीत हिशेब बघते. पण ओळखीतल्या मराठी लोकांची सरकारी पाकिटं वाचून द्यायचं काम गेली काही वर्षं माझ्या गळ्यात पडलंय, आणि त्यातली निम्मी याच विषयाची असतात.

तुमच्या डोक्यात बहुधा असं आहे की ‘माझा पगार एवढा, मग नकार कसा?’ तर शूफाला तुमचा पगार माहीतच नसतो. पगार, बचत, नोकरी, नागरिकत्व यांतलं काही ती साठवत नाही. तिच्याकडे असतं ते एवढंच: नाव, जन्मतारीख, पत्ते, किती बँक खाती, किती कार्डं, कोणते हप्ते, कुणी कधी चौकशी केली, आणि काही थकलं असेल तर ते. त्यावरून तुमच्यासारख्या नोंदी असलेल्या इतर लोकांनी पूर्वी पैसे फेडले की बुडवले, याचा हिशेब करून आकडा काढतात. नव्याने आलेल्या माणसाच्या फायलीत दीड पान असतं. भारतातला सिबिल स्कोअर ८०० असला तरी तो विमानातून तुमच्याबरोबर येत नाही.

(ही संस्था जुनी आहे हो. १९२७ साली बर्लिनमध्ये सुरू झाली. तिथली वीज कंपनी लाइटबिल वेळेवर भरणाऱ्यांना विजेची उपकरणं हप्त्यावर द्यायची, त्यातून ही कल्पना निघाली. म्हणजे तेव्हाही माणसाची पत लाइटबिलावरूनच ठरायची.)

आता क्रम. पहिलं पत्र दुकानाच्या कंपनीला: माझी पत कोणत्या संस्थेकडून तपासली आणि कोणता आकडा मिळाला? शूफाच असेल असं धरून चालू नका, क्रिफ, बोनिव्हर्सुम अशा आणखी संस्था आहेत. दुसरं पत्र त्या संस्थेला, आणि त्यात फक्त एक मागणी: माझी जी जी माहिती तुमच्याकडे आहे तिची प्रत द्या. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम १५. हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, इथे त्याला डीएसजीव्हीओ म्हणतात. पहिली प्रत फुकट, आणि एका महिन्यात उत्तर द्यावंच लागतं. फार गुंतागुंत असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं.

इथे एक खड्डा आहे. शूफाच्या संकेतस्थळावर ठळकपणे दिसतो तो पैसे देऊन मिळणारा दाखला. तो घरमालकाला द्यायला असतो. तुम्हाला हवी ती ‘डाटेनकोपी’, म्हणजे माहितीची फुकट प्रत, ती शोधावी लागते. आणि ती घरमालकाच्या हातात देऊ नका, तिच्यात त्याला नको इतकं सगळं असतं.

ती प्रत हातात येईपर्यंत ‘कारण सांगा’ असं भांडू नका. हे मी ठेच लागून शिकले.

२०१९ साली मी दार्मश्टाटहून माइन्झला आले. जुन्या इंटरनेट कंपनीचा राउटर पार्सलने परत पाठवला, पावती घेतली, नवा पत्ता कळवला. पाच महिन्यांनी दुसरं घर शोधताना एका घरमालकाने हसतमुखाने नकार दिला. मी स्कोअरवरून तावातावाने दोन पत्रं लिहिली, काही उपयोग झाला नाही. मग प्रत मागवली. तिसऱ्या पानावर एक ओळ: थकीत रक्कम ३९.९० युरो, आता वसुली संस्थेच्या खर्चासह ११८. राउटर परत आला नाही म्हणे. स्मरणपत्रं दार्मश्टाटच्या पत्त्यावर गेली होती. त्यातलं एक पुढे माइन्झलाही आलं असावं, पण इथे पोस्टपेटीवर तेव्हाच्या घरमालकाने माझं आडनाव न लावता माझ्या वडिलांचं नाव लावलं होतं! पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं बघून त्याने मधलंच उचललं. जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, जुळलं नाही की पाकीट परत.

पार्सलची पावती काढली तर कोरी. तो उष्णतेने छापणारा कागद, खिडकीजवळच्या डब्यात ठेवलेला, एक अक्षर उरलं नव्हतं. नशिबाने त्या दिवशी नवऱ्याला दाखवायला फोनवर फोटो काढला होता.

मग भांडणाला जमीन मिळाली. जर्मन कायद्यात थकीत मागणी अशी नुसती पतसंस्थेच्या (आपल्या गावातल्या ठेवी घेणाऱ्या पतसंस्था नव्हेत, ही पत मोजणारी) फायलीत घालून चालत नाही. कोर्टाचा निकाल किंवा तुमची कबुली नसेल, तर नियम असा: पैसे देय झाल्यावर किमान दोन लेखी स्मरणपत्रं, पहिल्यापासून चार आठवडे उलटलेले, नोंद होऊ शकते अशी आगाऊ सूचना, आणि चौथी अट सर्वांत कामाची: तुम्ही मागणी नाकारलेली नसणं. म्हणून चुकीचं बिल आलं तर फोनवर वाद घालत बसू नका. ‘ही मागणी मला मान्य नाही, कारण अमुक’ अशी दोन ओळींची चिठ्ठी रजिस्टर्ड टपालाने. फोन कुणाच्या लक्षात राहत नाही.

मी कंपनीला आणि पत मोजणाऱ्या संस्थेला, दोघांनाही फोटो पाठवून नोंद काढायला सांगितलं. सात आठवडे लागले. उत्तर एका ओळीचं, ‘नोंद काढण्यात आली आहे’. दिलगिरी वगैरे काही नाही. घर तोवर दुसऱ्याला गेलं होतं.

समजा तुमच्या प्रतीत असं काहीच निघालं नाही, फाइल स्वच्छ आणि तरी आकडा वाईट. मग त्याच संस्थेला तिसरं पत्र, आणि इथे तुम्ही माझ्यापेक्षा नशीबवान आहात, कारण मधल्या काळात लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाचे दोन निकाल आले.

पूर्वी गंमत अशी चालायची. बँक म्हणायची, ‘आकडा आम्ही काढत नाही, शूफाला विचारा.’ शूफा म्हणायची, ‘आम्ही फक्त आकडा देतो, निर्णय बँकेचा, आणि आकडा कसा काढतो ते व्यापारी गुपित.’ सासूने सुनेकडे आणि सुनेने सासूकडे बोट दाखवायचं, पाहुणा उपाशी. कर्ज नाकारलेल्या एका बाईने हे वीसबाडेनच्या न्यायालयात नेलं, तिथून प्रश्न लक्झेंबर्गला गेला आणि ७ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला (खटला सी-६३४/२१): बँक ज्या आकड्यावर मुख्य भिस्त ठेवते, तो आकडा काढणं हाच त्याच डेटा कायद्याच्या कलम २२ मधला ‘यंत्राने घेतलेला निर्णय’. म्हणजे कायद्याने परवानगी दिलेली असेल तेवढीच मुभा. आणि करारासाठी गरज म्हणून किंवा तुमच्या संमतीने असा निर्णय घेतला, तर माणसाने बघावं, तुमचं म्हणणं ऐकावं आणि निर्णयाला आव्हान देता यावं, हे हक्क तुम्हाला मिळतात.

दुसरा निकाल तर हुबेहूब तुमच्यासारखा. ऑस्ट्रियात एकाला मोबाईल करार नाकारला, महिना फक्त १० युरोचा. पत ठीक नाही म्हणे. त्याने डन अँड ब्रॅडस्ट्रीट ऑस्ट्रिया या संस्थेकडे स्पष्टीकरण मागितलं, ते नीट मिळेना, प्रकरण व्हिएन्नाहून वर गेलं. २७ फेब्रुवारी २०२५ चा निकाल (सी-२०३/२२): तुमची कोणती माहिती कशा रीतीने वापरली हे तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगायला हवं. नुसतं गणिती सूत्र तोंडावर फेकून चालणार नाही. न्यायालयाने वाटही दाखवली: अमुक माहिती वेगळी असती तर निकाल किती बदलला असता, हे सांगितलं तरी पुरेसं ठरू शकतं. आणि गुपिताचा मुद्दा असेल तर ते गुपित डेटा संरक्षण अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायालयासमोर ठेवा, तोलणं त्यांचं काम.

म्हणून तिसऱ्या पत्रात ‘स्कोअर वाढवा’ लिहू नका. त्याला ते साचेबंद उत्तर देतात. असं लिहा: माझे पत्ते, खात्यांची संख्या, दिस्पो आणि चौकशा, यांतल्या प्रत्येकाने आकडा वर गेला की खाली, आणि काय वेगळं असतं तर नकार आला नसता? कलम १५ मधला ‘एच’ हा उपभाग आणि खटल्याचा क्रमांक (सी-२०३/२२) लिहा. क्रमांक दिसला की पत्र वेगळ्या टेबलावर जातं, असा माझा अनुभव. उत्तर आलंच नाही किंवा थातूरमातूर आलं, तर राज्याच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार, तीही फुकट. शूफा वीसबाडेनला असल्याने तिच्यासाठी हेसन राज्याचा अधिकारी.

एक गैरसमज मात्र नको. या सगळ्यातून कारण मिळतं, करार मिळत नाही. खासगी कंपनीला तुम्हाला सिमकार्ड द्यायची सक्ती नाही. चुकीची नोंद असेल तर ती जाते आणि पुढचं दार उघडतं. नुसती फाइल पातळ असेल तर सहा-आठ महिने प्रीपेड वापरा.

आता तुमचा दिस्पो. हे कर्जच आहे, आणि महागडं. बऱ्याच बँकांत दर दहा टक्क्यांच्या वर असतो. सलग सहा महिने दिस्पो वापरात असेल आणि सरासरी मर्यादेच्या ७५ टक्क्यांवर असेल, तर स्वस्त पर्यायांबद्दल सल्ला देणं बँकेवर बंधनकारक आहे. तो मागा. १,८०० युरोंचं साधं हप्त्याचं कर्ज घेतलंत तर चौदा दिवसांत कारण न देता मागे घेता येतं, आणि लवकर फेडलं तर भरपाई मुदतीआधी फेडलेल्या रकमेच्या १ टक्क्याहून जास्त नाही, शेवटच्या वर्षात ०.५. दर विचारताना ‘फक्त अटी विचारतोय’ असंच नोंदवायला सांगा. नाहीतर कर्जाची चौकशी म्हणून ती वर्षभर फायलीत राहते.

‘शूफाशिवाय कर्ज’ वाल्यांतले बरेचजण आधी फी मागतात. कर्ज मिळो न मिळो, फी गेली. आणि ‘आता घ्या, नंतर द्या’ वाल्या ३० युरोच्या खरेद्यांनाही कर्जच समजा. नव्या ग्राहक कर्ज निर्देशाने (२०२३/२२२५) २०० युरोंखालची आणि बिनव्याजी कर्जंही कक्षेत घेतलीत, तो २० नोव्हेंबर २०२६ पासून लागू. त्यात पत ठरवताना समाजमाध्यमांवरची माहिती आणि आरोग्याची माहिती वापरायला मनाई आहे, हे मला आवडलं.

पिवळं पाकीट आलं तर त्यात कोर्टाचा माह्नबेशाइड, म्हणजे पैसे भरायचा आदेश, असू शकतो. दोन आठवड्यांत सोबतच्या फॉर्मवर हरकत पाठवायची, कारण द्यायची गरज नसते. पाकिटावर पोस्टमनने तारीख टाकलेली असते, दिवस तिथून मोजतात, म्हणून पाकीट फेकू नका. आणि हे तुमच्यासाठी नाही, पण वाचणाऱ्यांत कुणाचं कर्ज खरंच हाताबाहेर गेलं असेल तर कारितास किंवा दियाकोनी या चर्चच्या सेवासंस्थांच्या कर्ज सल्ला केंद्रात जा, लाजू नका. दिवाळखोरीतून सुटका आता तीन वर्षांत होते, आणि सरकारी नोंदवहीत ती सुटका सहा महिनेच दिसते. त्यानंतर खासगी संस्थेलाही ती ठेवता येत नाही, हेही त्याच ७ डिसेंबरला ठरलं.

पहिलं पत्र आज रात्रीच लिहा, संस्थेचं नाव कळलं की दुसरं, उत्तरं आली की इथे टाका, मी वाचते. आणि पत्र टाकायला खाली जाल तेव्हा पोस्टपेटीवर तुमचं आडनाव लागलंय की वडिलांचं, तेवढं बघून घ्या.