रुंद टायर घ्यायचा, पण कुठल्या रिमवर?

वाचकांचे प्रश्न

टायरची रुंदी वाढवण्याबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळी मराठवाड्यातली आहेत, म्हणून उत्तरं देताना इथला उन्हाळा आणि काळ्या मातीवर बांधलेले, पावसाळ्यानंतर लाटा धरणारे रस्ते डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

लातूर : माझ्याकडे ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. टायर २२५/४० आर१८. रिमवर ७.५ जे आणि ईटी ५१ असं कोरलेलं आहे. टायर बदलायला आलेत. दुकानदार म्हणतो, याच रिमवर २४५/४० चढवून देतो, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. चढवू का?

नका चढवू. आधी आकडे समजून घ्या : २२५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ४० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के ते, आर१८ म्हणजे १८ इंची रिम, ७.५ जे ही रिमची रुंदी इंचात, आणि ईटी म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते. टायर रिमवर चढणं वेगळं आणि रिमला जुळणं वेगळं. मशिनवर २४५ चा टायर ७.५ जे रिमवर बसतो, हवाही धरतो. पण २४५/४० आर१८ या मापाला मानकांप्रमाणे किमान ८ जे रिम लागते, आणि त्याची रुंदी मोजली जाते ती ८.५ जे रिमवर. तुमच्या सध्याच्या २२५/४० ला ७.५ ते ९ जे चालते. म्हणजे आहे त्या टायरसाठीच तुमची रिम खालच्या टोकाला आहे.

अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याचे दोन्ही काठ आत ओढले जातात, साइडवॉल पोटाला फुगते आणि तळ मध्ये किंचित गोल होतो. वळणावर अशी साइडवॉल जास्त लवते. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी क्षणभर उशिरा ऐकते. ज्या चपळाईसाठी पैसे मोजले तीच हातची जाते, वर टायर मधोमध लवकर झिजतो. पूर्ण २४५ रुंदीही मिळत नाही. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची रुंदी साधारण ५ मिमीने घटते, त्यामुळे ७.५ जे वर हा टायर २३५ च्या आसपासच भरेल.

आता व्यास. २२५/४० आर१८ चा व्यास ६३७ मिमी येतो, २४५/४० चा ६५३. फरक १६ मिमी, म्हणजे अडीच टक्के. टायर आणि मडगार्डमधली फट ८ मिमीने कमी होईल, गाडीचा उठाव थोडा मंदावेल आणि स्पीडोमीटर आधीपेक्षा अडीच टक्के कमी वेग दाखवेल. हा हिशोब प्रत्येकाने स्वतः करावा, अवघड नाही : रिमचे इंच गुणिले २५.४, त्यात रुंदी गुणिले उंचीची टक्केवारी अशी येणारी साइडवॉल दोनदा मिळवायची. मूळ व्यासापासून फरक दीड टक्क्याच्या आत ठेवावा.

एक समज इथेच दुरुस्त केला पाहिजे. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, असं सगळेच म्हणतात. गाडीचं वजन मुख्यतः टायरमधल्या हवेवर तोललेलं असतं. एका चाकावर ४०० किलो भार आणि आत ३३ पीएसआय हवा असेल, तर रस्त्यावरचा ठसा साधारण १७० चौरस सेंटिमीटरचा येतो, मग टायर २२५ चा असो की २४५ चा. बदलतो तो ठशाचा आकार : रुंद टायरचा ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. वळणावर पकड वाढते ती या आडव्या आकारामुळे आणि बुटक्या, ताठ साइडवॉलमुळे. हा फायदा खरा आहे, आम्ही तो नाकारत नाही. पण साइडवॉल ताठ राहते ती रिमच्या आधारावर. रिम अरुंद ठेवून नुसता टायर रुंद केला तर फायद्याचं मूळच कापलं जातं.

आमचा सल्ला : त्याच मापात, २२५/४० आर१८ ९२ वाय एक्सएल (९२ हा भार निर्देशांक, वाय हे वेगाचं अक्षर, एक्सएल म्हणजे जास्त भार पेलणारा), चांगल्या स्पोर्ट्स कंपाउंडचा, म्हणजे रबराच्या मिश्रणाचा, टायर घ्या. दोन टायरांमधला कंपाउंडचा फरक २० मिमी रुंदीच्या फरकापेक्षा जास्त जाणवतो, ब्रेक मारताना तर नक्कीच.

तरीही रुंदी हवीच असेल तर रिमपासून सुरुवात करा. समजा ८.५ जे, ईटी ४५ रिम आणि २३५/४० आर१८ टायर घेतला. व्यास ६४५ मिमी, फरक सव्वा टक्का, चालेल. रिम एक इंचाने रुंद झाली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ईटी ६ ने कमी झाला, म्हणजे चाक ६ मिमी बाहेर सरकलं. बाहेरचा काठ १८.७ मिमी बाहेर येईल आणि आतला ६.७ मिमी शॉकॲब्सॉर्बरकडे जाईल. जुन्या चाकाजवळ आज किती फट आहे ते आधी मोजा. आत किमान ५ ते ६ मिमी आणि बाहेर मडगार्डच्या दुमडीपाशी १० मिमी उरलीच पाहिजे. मोजायला मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचे गोळे मडगार्डच्या आत चिकटवा, मागे तीन माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवत गाडी हळूहळू स्पीडब्रेकरवरून न्या. गोळा जिथे चेपला तिथे टायर घासणार.

रिम घेताना पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीतला व्यास) ५ गुणिले ११२ आणि मधलं भोक ५७.१ मिमी पाहा. भोक मोठं असेल तर फट भरणारी त्या मापाची कडी, म्हणजे हबरिंग, बसवा, नाहीतर ताशी ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही बॅलन्सिंगवर पैसे घालत राहाल. सगळ्यात धोक्याची चूक बोल्टची. तुमच्या गाडीचे मूळ बोल्ट गोल बुडाचे आहेत, बाजारातल्या बऱ्याच अलॉयना निमुळत्या बुडाचे लागतात. चुकीचा बोल्ट आवळला जातो, घट्टही वाटतो, पण टेकतो फक्त एका कडेवर आणि चालता चालता सैल होतो. बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. नुसत्या हवेच्या गनने आवळून गाडी ताब्यात घेऊ नका.

छत्रपती संभाजीनगर : व्हर्टस जीटीला २०५/५५ आर१६ आहेत. २२५/५० आर१६, २२५/४५ आर१७ की २२५/४० आर१८? मित्र १८ म्हणतात, दिसतातही छान.

चौघांचे व्यास जवळजवळ सारखे आहेत : ६३२, ६३१, ६३४ आणि ६३७ मिमी. म्हणून व्यासावर निवड ठरत नाही, ठरते ती साइडवॉलवर. तिची उंची अनुक्रमे ११३, ११२, १०१ आणि ९० मिमी. सोळावरून अठरावर गेलात की खड्डा सोसणारी २३ मिमी उशी कमी झाली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा रस्ता कधी सपाट राहत नाही. तालुक्याच्या रस्त्यांवर, पुलाच्या जोडापाशी आणि गावाबाहेरच्या रंग न दिलेल्या गतिरोधकांवर हीच उशी रिम वाचवते. जिल्ह्यात नेहमी फिरणाऱ्या गाडीला आम्ही १८ सुचवणार नाही.

२२५/५० आर१६ हा सगळ्यात कमी खटाटोपाचा मार्ग. त्याला ६ ते ८ जे रिम चालते. तुमच्या रिमवर ६ कोरलं असेल तर तो नियमात बसेल, पण वर सांगितलेला फुगवटा येईल. ६.५ असेल तर बरा, ७ असेल तर उत्तम.

आमची पसंती मात्र १७ ला आहे : ७ किंवा ७.५ जे रिमवर २२५/४५ आर१७. साइडवॉल १०१ मिमी उरते, वळणावरचा फरक स्पष्ट जाणवतो आणि या मापात निवडीला भरपूर टायर मिळतात. रिम वजन करून घ्या. मूळ चाकापेक्षा प्रत्येकी दीड-दोन किलो जड रिम लावली तर खड्ड्यात चाक जास्त आदळतं, उठाव आणि मायलेज दोन्ही घटतात. सुंदर पण जड अलॉयपेक्षा साधी हलकी अलॉय केव्हाही चांगली.

भार निर्देशांक खाली जाऊ देऊ नका. मूळ टायर ९१ चा, म्हणजे ६१५ किलोचा असेल, तर नवा ९१ किंवा वरचा हवा. ९४ म्हणजे ६७० किलो. इथे एक बारकावा बरेच दुकानदार सांगत नाहीत. एक्सएल टायरचा भार ४२ पीएसआयला धरलेला असतो, साध्याचा ३६ ला. त्यामुळे साध्या ९१ वरून ९२ एक्सएलवर गेलात आणि हवा जुनीच ३३ ठेवली, तर टायर आधीपेक्षा कमी भार पेलतो. अशा वेळी तीन-चार पीएसआय जास्त भरा. वेगाचं अक्षरही तसंच : व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. मूळ अक्षराच्या खाली जायचं नाही.

नांदेड : रुंद टायरने पावसात गाडी जास्त सुरक्षित होते का?

ओल्या रस्त्यावर टायर चांगला असेल तर पकड कमी पडत नाही. साचलेल्या पाण्यावर मात्र उलटं होतं. रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि आखूड ठशामुळे त्याला वेळही कमी मिळतो, म्हणून तो अरुंद टायरपेक्षा कमी वेगात पाण्यावर तरंगायला लागतो. विमानाच्या चाकांसाठी नासाने काढलेलं सूत्र लावलं तर ३३ पीएसआयला तरंगण्याचा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो आणि २५ पीएसआयला ८३. मोटारीला ते आकडे तंतोतंत लागू नाहीत, पण हवा कमी असली की धोका किती अलीकडे येतो हे त्यातून कळतं. कायद्याची मर्यादा १.६ मिमी खाचेची आहे. रुंद टायरवर आम्ही ३ मिमीला टायर बदला असं सांगू. आणि रस्त्याच्या खोलगट भागात पाणी चमकताना दिसलं तर आधीच वेग उतरवा, पाण्यात शिरल्यावर ब्रेक मारू नका.

छत्रपती संभाजीनगर : पोर्शची ७१८ केमन आहे. पुढे २३५/४५ आर१८, मागे २६५/४५ आर१८. पुढेही २५५ लावले तर पुढची पकड वाढेल ना?

वाढेल, आणि तीच अडचण आहे. मागे रुंद आणि पुढे अरुंद ही जोडी मुद्दाम ठरवलेली असते. मर्यादेपलीकडे गेल्यावर पुढचं चाक आधी घसरावं, म्हणजे गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते आणि पाय उचलला की ताब्यात येते. पुढची पकड वाढवून हा तोल उलटा केलात तर मागची बाजू आधी सुटेल. मध्यभागी इंजिन असलेली गाडी एकदा फिरली की फार झपाट्याने फिरते.

दुसरं कारण मापाचं. मूळ व्यास पुढे ६६९ आणि मागे ६९६ मिमी आहेत. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चारही चाकांच्या फेऱ्यांची तुलना याच प्रमाणावर करतात. पुढे २५५/४० लावला तर व्यास ६६१ होतो, शिवाय त्याला किमान ८.५ जे रिम हवी. तुमची पुढची रिम ८ जे असेल तर विषय तिथेच संपला. मूळ मापच ठेवा आणि साइडवॉलवर एन० किंवा एन१ असा शिक्का असलेला टायर घ्या. पोर्शने त्या गाडीसाठी तपासून मान्य केलेल्या टायरवरच तो असतो. पुढे आणि मागे एकाच कंपनीचा, एकाच नक्षीचा टायर हवा. पुढचे-मागचे आलटूनपालटून लावता येत नाहीत, त्यामुळे मागचे आधी झिजतील हे खर्चात धरून ठेवा.

जालना : समृद्धीवर नेहमी जातो. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असं पंपावर सांगतात. बुटक्या साइडवॉलच्या टायरलाही हेच लागू का?

कुठल्याच टायरला लागू नाही, आणि हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. लांबच्या सरळ रस्त्यावर टायर फुटतो तो बहुधा कमी हवेने. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीत जास्त दुमडते, दुमडण्यातून उष्णता निघते आणि ताशी १२० ने तासभर चाललं की आतले थर सुटू लागतात. बाहेर ४२-४३ अंश असताना ती उष्णता जायला जागाही नसते.

हवा पहाटे, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मोजा. दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत जो आकडा आहे तो या थंड टायरचा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने चढतो, म्हणून चाललेल्या टायरमध्ये ४-५ पीएसआय जास्त दिसणं अगदी बरोबर आहे. ती हवा सोडू नका. पूर्ण भार आणि सलग वेग असेल तर कंपनीने पूर्ण भाराचा वेगळा आकडा दिलेला असतो, तो भरा. नायट्रोजनला पैसे द्यायचे तर द्या, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून दोनदा मोजणं त्याहून कितीतरी उपयोगाचं.

बीड : खड्ड्यात आदळल्यावर साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा आला. आतून पॅच मारून चालेल का?

नाही. आतल्या दोऱ्या तुटल्याशिवाय फुगा येत नाही, आणि तुटलेल्या दोऱ्या पॅचने जुळत नाहीत. ते चाक काढून स्टेपनी लावा. त्याच खड्ड्यात रिम वाकली का, हे बॅलन्सिंग मशिनवर फिरवून पाहा आणि अलाइनमेंट करून घ्या.

परभणी : रुंद टायर लावले तर आरटीओ आणि विमा कंपनी अडवते का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीच्या वेळी कंपनीने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जे माप दिलं आहे तिथपर्यंत थांबणं सगळ्यात निर्धोक. मडगार्डच्या बाहेर डोकावणारं चाक तपासणीत लगेच नजरेत भरतं. रिम बदलली तर विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या आणि बिल जपून ठेवा. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्यात वादाचा मुद्दा होतो. खरेदी करताना टायरवर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहा आणि टायरच्या बाजूवर कोरलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा : २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. रुंद, बुटकी मापं दुकानात लवकर खपत नाहीत, कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहतात. चारही टायरांचे अंक स्वतः वाका आणि वाचा, मगच पैसे द्या.