मायसेलर वॉटरने मेकअप काढल्यावर चेहरा धुवायलाच हवा का? बाटलीवर तर गरज नाही असं लिहिलंय. आणि तेलकट स्किनला कोणतं घेऊ?

धुवा. बाटली काही का म्हणेना.

एवढं ठासून सांगतेय कारण दिराच्या लग्नात माझ्या तोंडाची वाट लागली होती. हॉल नौपाड्यात, आम्ही कळव्याला, घरी पोचेपर्यंत रात्रीचा एक, डोक्यात ढीगभर पिना आणि चेहऱ्यावर पार्लरवालीने लिंपलेलं फाउंडेशन. धाकट्या नणंदेने पर्समधून बाटली काढली, ‘वहिनी, नुसतं पुसायचं, पाणी लावायचंच नाही.’ पुसलं. पहिला कापूस चॉकलेटी, दुसरा चॉकलेटी, पाचवा जरा पांढरा दिसला तशी आडवी झाले. मग पूजा, रिसेप्शन, कुलदैवत, रोज मेकअप आणि रोज नुसतं पुसणं. पाचव्या दिवशी जबड्याच्या कडेने बारीक लाल पुरळ, पापण्या चुरचुरतायत. स्किनच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘रात्री चेहरा कशाने धुता?’ मी गप्प.

अहो ते पाणी दिसतं पाण्यासारखं, पण त्यात साबणाच्या जातीचेच सौम्य रेणू असतात, त्यांचं एक टोक तेलाला धरतं, एक पाण्याला, तेलवाली टोकं आत करून त्यांचे बारीक गोळे होतात आणि मेकअप त्यात अडकून कापसावर येतो. सगळाच येत नाही. पाणी उडून जातं, ते रेणू आणि उरलेला मेकअप तोंडावरच वाळतो. भांडी घासून विसळायची नाहीत असं कोणी म्हणेल का?

नणंदेचं पालुपद एकच, ‘फ्रान्समध्ये कोणी धुवत नाही.’ अगं, पॅरिसच्या नळाचं पाणी जड, चुन्याचं, त्याने स्किन ओढल्यासारखी होते. आपल्याकडे धरणाचं पाणी येतं, आपल्याला काय धाड भरलीये?

आणि घासू नका. कापूस चांगला भिजवून मिटलेल्या पापणीवर ठेवायचा, पंधरापर्यंत मोजायचं, मग खाली ओढायचा, मस्काऱ्याचे केस न् केस कापसावर छापून येतात. वॉटरप्रूफ असेल तर साधं घेऊ नका, दोन थरवालं तेलाचं मिळतं, हलवून वापरायचं. म्हणजे सासूबाई खोबरेल लाव म्हणत होत्या ते अगदीच चुकीचं नव्हतं, पण हे घरात बोलायची सोय नाही.

तेलकट स्किनला तेल नसलेलं साधं चालेल, नंतर नेहमीचा फेसवॉश. डोळ्यांत लेन्स असतील तर आधी काढा.

हां, स्किन फारच कोरडी असेल आणि न धुता काही होत नसेल तर राहू दे. नणंद घोडबंदरला राहते, त्यांच्या सोसायटीत निम्मा महिना टँकर, त्या पाण्याने तिचा चेहरा फुटतो हे मीही बघितलंय. तिने नाही धुतलं तर मी समजू शकते. पण मग तसं सांगावं ना, फ्रान्स कशाला मधे आणायचं?