फटकळ, परखड की रोखठोक?

प्रश्न असा आहे: आवडत्या फुटबॉल क्लबच्या मुख्य प्रशिक्षकाबद्दल भरभरून लिहिताना एका चाहत्याने त्याला ‘फटकळ’ म्हटलं. मित्राने लगेच टोकलं, की ही तर निंदा झाली. ‘परखड’ लिही, नाहीतर ‘स्पष्टवक्ता’. दोघांत बरोबर कोण?

कोशातला अर्थ पाहिला तर मित्र बरोबर. फटकळ म्हणजे जिभेला लगाम नसलेला. समोर कोण आहे, वेळ कोणती आहे हे न बघता बोलून मोकळा होणारा. पण बोलण्यात हा शब्द एकटा फारसा येत नाही. ‘आहे फटकळ, पण पोटात काही ठेवत नाही’, ‘तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ’ असं आपण म्हणतो. म्हणजे दोष आधी मान्य करायचा आणि ‘पण’ म्हणून त्या माणसाची बाजू घ्यायची. चाहत्याचं प्रेम त्या ‘पण’मध्ये असतं. तेव्हा वाक्य पूर्ण करणार असाल तर फटकळ बेलाशक लिहा. नुसता मथळ्यात टाकलात तर वाचणाऱ्याला ‘पण’ दिसणार नाही आणि शब्द निंदेचाच उरेल.

दुसरी गोष्ट वचनाची. ‘तो फटकळ आहे’ यात जवळीक आहे, ‘ते फटकळ आहेत’ ही तक्रार वाटते. आदरार्थी बहुवचनाने अंतर पडतं आणि त्या अंतरावरून फटकळ ऐकायला कडू लागतो. चाहते लाडक्या प्रशिक्षकाला एकेरीत बोलावतात, ते अनादराने नव्हे. कौतुकाच्या मजकुरात एकेरी ठेवायला मुळीच हरकत नाही, आणि मीही इथे तेच करतो आहे.

एकच तोंड कुठे दोष ठरतं आणि कुठे गुण, हे पाहायचं तर इंग्लिश प्रशिक्षक ब्रायन क्लफ घ्या. 1974 मध्ये तो लीड्स युनायटेडला आला आणि खेळाडूंना म्हणाला, की तुमची पदकं कचऱ्यात टाका, ती तुम्ही सरळ खेळून मिळवलेली नाहीत. हे त्या खेळाडूंनीच पुढे सांगितलं. 44 दिवसांत त्याची गच्छंती झाली. मग तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. 1978 मध्ये तो संघ इंग्लिश लीगचा विजेता झाला, 1979 आणि 1980 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. जीभ तीच होती. मी सर्वोत्तम आहे असं म्हणणार नाही, पण पहिल्या एकात नक्की आहे, असं सांगणारा हा माणूस. लीड्सच्या ड्रेसिंग रूममध्ये ते तोंड कुणाला सोसलं नाही. नॉटिंगहॅमच्या लोकांनी पैसे जमवून त्याचा पुतळा उभारला. मराठीत सांगायचं तर लीड्समध्ये तो फटकळ होता, आणि नॉटिंगहॅममध्ये ‘फटकळ, पण आपला’.

आता मित्राने सुचवलेला परखड. हा शब्द चांगलाच आहे, फक्त त्याची जागा ओळखली पाहिजे. परखड मत, परखड विश्लेषण, परखड टीका अशा जोड्या बघा. प्रत्येक ठिकाणी काहीतरी तपासून दिलेला निकाल आहे. पराभवानंतर बचावफळी कुठे चुकली हे नाव घेऊन, पण आवाज न चढवता सांगणारा प्रशिक्षक परखड. टेबलावर हात आपटणारा परखड नव्हे. तिथे मराठी विशेषणं बाजूला ठेवते आणि क्रियापदांकडे वळते, आणि या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे: खरडपट्टी काढली, हजेरी घेतली, फैलावर घेतलं, पाणउतारा केला, कानउघाडणी केली. यातली कानउघाडणी आपल्या माणसाची होते, सुधारावा म्हणून. पाणउतारा अपमानासाठीच असतो. मधली खरडपट्टी दोन्हीकडे झुकू शकते.

10 मार्च 1998 ला बायर्न म्युनिकच्या पत्रकार परिषदेत इटालियन प्रशिक्षक जोव्हानी ट्रापाटोनीने केली ती अस्सल खरडपट्टी. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, टेबल बडवत, आपल्याच संघातल्या स्ट्रुन्झ या खेळाडूचं नाव पुन्हा पुन्हा घेत तो बोलला. खेळाडू रिकाम्या बाटलीसारखे दुबळे खेळले म्हणाला. शेवटी ‘माझं बोलून झालं’ या अर्थाने चुकीचं क्रियापद वापरून ‘इश हाबे फेर्टिश’ म्हणाला आणि उठला. ते चुकीचं वाक्य जर्मन लोकांनी जसंच्या तसं उचललं आणि आजही ते वापरतात. त्याच्या व्याकरणाची खिल्ली उडवायला सुरुवात झाली असेल, पण एखाद्याचं अशुद्ध वाक्य भाषेत पिढीभर टिकतं ते जिव्हाळ्याशिवाय नाही.

स्पष्टवक्ता हा वेगळ्या घरचा शब्द. ‘स्पष्टवक्ता न वञ्चकः’ हे संस्कृत वचन आपल्या ओळखीचं आहे: स्पष्ट बोलणारा फसवत नाही. इथे जोर तिखटपणावर नाही, न लपवण्यावर आहे. म्हणून अर्जेंटिनाच्या मार्सेलो बिएल्साला हा शब्द नेमका बसतो. तो खाली मान घालून, दुभाष्यामार्फत, हळू बोलायचा. जानेवारी 2019 मध्ये डर्बी काउंटी या प्रतिस्पर्धी क्लबचा सराव चोरून पाहायला त्याने माणूस पाठवल्याचं उघड झालं, तेव्हा लीड्सच्या या प्रशिक्षकाने पत्रकारांना बोलावलं आणि सगळ्याच प्रतिस्पर्ध्यांचा सराव आपण पाहिला आहे हे स्वतःच सांगून टाकलं. मग तासाभराहून जास्त वेळ आपली टिपणं पडद्यावर दाखवली. क्लबला झालेला 2 लाख पौंडांचा दंड त्याने आपल्या खिशातून भरला. लीड्सच्या भिंतींवर आज त्याची चित्रं आहेत. त्याला फटकळ म्हणणं म्हणजे शब्दावरही अन्याय आणि माणसावरही.

मग मी स्वतः कोणता शब्द निवडेन? रोखठोक. यात ‘रोख’ आहे, म्हणजे उधारी नाही. बोललो त्याची किंमत आत्ता, इथेच मोजायला तयार आहे, हा भाव बाकीच्या शब्दांत इतका ठसठशीत येत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये आर्सेनलकडून हरल्यावर टॉटनहॅमचा प्रशिक्षक अँजी पोस्तेकोग्लूने मुलाखतीत सांगितलं, की दुसऱ्या हंगामात मी ‘बहुतेक’ नव्हे, ‘नेहमीच’ काहीतरी जिंकतो. त्या हंगामात संघ लीगमध्ये थेट 17 व्या स्थानापर्यंत घसरला आणि ते वाक्य प्रत्येक पराभवानंतर त्याच्या तोंडावर मारलं गेलं. त्याने ते मागे घेतलं नाही. 21 मे 2025 ला बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला 1-0 हरवून टॉटनहॅमने युरोपा लीग जिंकली. क्लबचा 17 वर्षांतला पहिला करंडक. 6 जूनला त्याला काढण्यात आलं. दोन्ही बाजूंचा हिशोब रोख झाला. ‘आम्ही एकेका सामन्याचा विचार करतो’ छापाची गुळमुळीत वाक्यं दर आठवड्याला ऐकणाऱ्या चाहत्याला असा माणूस का आवडतो, ते या एका शब्दात येतं.

आणखी दोन शब्द सुचतील. सडेतोड हा माणसापेक्षा उत्तराला शोभतो, ‘सडेतोड उत्तर’, ‘सडेतोड युक्तिवाद’. बाणेदार मात्र जपून वापरा. त्यात बाणा आहे. क्लबच्या मालकाला किंवा संघटनेला, नोकरीची पर्वा न करता सुनावणारा तो बाणेदार. पंचांशी हुज्जत घालणाऱ्याला हा शब्द देऊ नये.

लिहिताना एक काळजी घ्या. भाववाचक नाम ‘स्पष्टवक्तेपणा’ असं होतं, ‘स्पष्टवक्तापणा’ नाही. आणि फटकळ, परखड, रोखठोक लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, स्पष्टवक्ता बदलतो. चेल्सीच्या महिला संघाला वर्षानुवर्षं घडवून 2024 मध्ये अमेरिकेला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या एमा हेजबद्दल लिहाल तेव्हा एकेरीत ‘स्पष्टवक्ती’, आदरार्थी ‘स्पष्टवक्त्या’.