केबल नवी टाकली, तरी गिअर परत काऊन येत नाही?

भाऊ, तुमच्या मिस्त्रीनं काम नीट केलं, फक्त सायकल ओळखली नाही. काकांनी आखातातून आणलेली सायकल, मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) 'शिमानो पॉझिट्रॉन' लिहिलेलं, अन् तार तुटल्यावर साधी गिअर केबल टाकली तेव्हापासून गिअर एकीकडे जातो पण परत येत नाही, असं तुम्ही म्हणता. तो येणारच नाही.

साध्या डिरेलरची केबल फक्त ओढते. ढिली सोडली की आतली स्प्रिंग त्याला माघारी आणते. पॉझिट्रॉन त्या स्प्रिंगच्या भरवशावर चालतच नाही. त्याला एकच अखंड, कडक पोलादी तार लागते. लिव्हर एकीकडे नेली की ती ओढते, दुसरीकडे नेली की ढकलते. पिळाची मऊ केबल ढकलायला गेलं की आउटरमध्येच, म्हणजे बाहेरच्या नळीतच वाकते.

दुसरी गंमत खाचांची. गिअर बदलताना जो 'टक' आवाज येतो तो लिव्हरमधून नाही, डिरेलरच्या अंगातून येतो. तार सोडून डिरेलर हातानं हलवून पाहा, एकेका खाचेत बसत जाईल. म्हणून लिव्हर सैल वाटते. तिला कसत बसू नका. 1970 च्या दशकातली ही कल्पना मला तरी हुशारीची वाटते, पण ती बसली जड, स्वस्त सायकलींवर, अन् शर्यतवाल्यांनी तिला जवळ केलं नाही. 1984 मध्ये शिमानोनंच ड्युरा-एस या आपल्या शर्यतीच्या सायकलींच्या सुट्या भागांच्या संचात खाचा लिव्हरमध्ये नेल्या, अन् पुढं तीच पद्धत रुळली.

आता इलाज. जुन्या तारेचा तुकडा सोबत न्या, तेवढ्याच जाडीची कडक स्प्रिंग स्टीलची तार शोधा. आउटरला कुठं तीव्र वळण देऊ नका. मागचं पाच चक्रांचं फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) काढून सातचं बसवायचा मोह टाळा. चक्रांमधलं अंतर बदलते, खाचा जुळत नाहीत. पांदणीतली काळी माती खाचांत वाळली की टक बंद होते, तेव्हा डिझेल अन् जुना टूथब्रश. वरून जळकं ऑइल मात्र नको, सीझनमध्ये कापसाचे तंतू त्यालाच चिकटतात.

पायडल थांबवल्यावरही चेन फिरत राहते का, तेही पाहा. राहत असेल तर चाक मोकळं फिरू देणारी यंत्रणा पुढं क्रँकमध्ये, म्हणजे पायडलच्या दांड्यांपाशी आहे. मग पायडल न मारताही गिअर बदलतो, पण धोतराचा सोगा अन् लेकरांची बोटं जपा.

तार नाहीच मिळाली तर साधा स्प्रिंगवाला डिरेलर लावा, अन् त्यासोबत लिव्हरही बदला. जुनी लिव्हर स्प्रिंगच्या ओढीपुढं टिकत नाही.