रोज पाचच तास झोप होते, पण आता सवय झाली आहे. तरीही प्रकृतीवर आणि कामावर परिणाम होतो का?

आपण लिहिले आहे की आपले वय एकोणतीस आहे, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तिन्ही पाळ्यांत काम करता, गेले दीड वर्ष सरासरी पाचच तास झोप होते, सुरुवातीला ते फार जड गेले, पण आता थकवा जाणवत नाही; मग घरच्यांची काळजी अनाठायी आहे का, आणि रविवारी दुपारपर्यंत झोपून ही तूट भरून निघत नाही का. मी डॉक्टर नाही. चाकण परिसरातल्या अशाच एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात माझी एकोणीस वर्षे गेली, त्यांतली चौदा पाळ्यांत. आणि स्वतःच्या हातून झालेल्या एका चुकीनंतर या विषयावरचे मिळेल ते वाचत आलो आहे. तेवढ्या अधिकाराने सांगतो: परिणाम होतो, आणि आपण जिला सवय म्हणता तीच यातली सर्वांत फसवी गोष्ट आहे.

आधी ती चूक सांगतो. तिसरी पाळी होती. दर तासाला यंत्रावरून उतरलेले पाच शाफ्ट उचलायचे, मायक्रोमीटरने व्यास मोजायचा आणि तपासणी तक्त्यात पाच रकान्यांत पाच आकडे लिहायचे, एवढेच काम. टूलचा इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे पाते, झिजत चालला की व्यास हळूहळू वाढत जातो आणि तो नेमका या आकड्यांत दिसतो, म्हणून तर ते मोजायचे. पहाटे चारच्या नोंदीत मी पाचही रकान्यांत एकच आकडा लिहिला. पुढे तो माल ग्राहकाकडून परत आला, साडेतीनशेच्या आसपास नग एकेक करून निवडावे लागले, आणि साहेबांनी तो तक्ता माझ्यासमोर ठेवला. आकडे रेषेवरून घसरत खालच्या ओळीत गेले होते आणि शेवटच्या आकड्याची शेपटी पेन हातातून सुटावे तशी कागदाच्या कडेपर्यंत ओढली गेली होती. मी पाचही नग मोजल्याचे मला स्पष्ट आठवत होते, आजही आठवते. पहिला मोजला असेन. उरलेले चार मी उघड्या डोळ्यांनी झोपेत मोजले. काही सेकंदांच्या अशा झोपेला सूक्ष्मनिद्रा म्हणतात आणि ती येऊन गेल्याचे त्या माणसाला बहुधा कळतही नाही. त्या आठवड्यात मला कोणी विचारले असते तर मीही ‘सवय आहे’ असेच सांगितले असते.

हे माझ्या एकट्याचे दुबळेपण नव्हते, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने मला कळले. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ४८ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून घेतले आणि त्यांतल्या काहींना सलग १४ रात्री आठ तास, काहींना सहा तास, तर काहींना चारच तास झोपू दिले. जागेपणी दर दोन तासांनी त्यांची चाचणी घेतली जाई: पडद्यावर आकडे धावू लागले की लगेच बटण दाबायचे. ऐकायला हा पोरखेळ वाटतो, पण अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर झाला की लक्ष सुटले असे धरत, आणि चाचणी सलग दहा मिनिटे चालत असल्यामुळे झोप अपुरी असलेला माणूस त्यात हमखास उघडा पडे. चार आणि सहा तास झोपणाऱ्यांची कामगिरी रोज थोडीथोडी घसरत गेली. सहा तासवालेही शेवटी अशा पातळीला आले, जिथे पूर्ण जागरण केलेला माणूस एक-दोन रात्रींत येतो. खरी मेख पुढे आहे. ‘तुम्हाला किती झोप आली आहे?’ असे विचारल्यावर त्यांचे उत्तर पहिले काही दिवस वाढत गेले आणि नंतर जवळजवळ तिथेच थांबले. म्हणजे काम बिघडत राहिले, पण बिघडत असल्याची जाणीव वाढायची थांबली. आपल्याला गेले वर्षभर थकवा जाणवत नाही याचा अर्थ मी असा लावतो.

रविवारच्या झोपेबद्दलचे उत्तरही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात आहे. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संशोधन संस्थेत एका गटाला सात रात्री पाच-पाच तासच झोपू दिले, म्हणजे थेट आपलेच वेळापत्रक, आणि त्यानंतर सलग तीन रात्री आठ-आठ तास दिले. तरीही त्यांचा वेग पूर्वपदावर आला नाही. एका रविवारने आठवड्याचे देणे फिटत नाही. फार तर व्याज भरले जाते.

आता कामावरून घरी जाण्याबद्दल, कारण कारखान्यातल्या चुकीने माल परत येतो, पण रस्त्यावरच्या चुकीने माणूस परत येत नाही. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जागरण आणि मद्य यांची थेट तुलना केली. सलग १७ तास जागे असलेल्या माणसाच्या हाताची आणि नजरेची जुळणी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी ढासळते, आणि २४ तासांनंतर ती साधारण १०० मिलिग्रॅमच्या पातळीला पोचते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने ठरवलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. रात्रपाळीच्या पहिल्या दिवशी आपण नेहमीप्रमाणे सकाळी आठला उठत असाल आणि दुपारी झोपत नसाल, तर रात्री एकलाच १७ तास भरतात, आणि सकाळी साडेसहाला फाटकाबाहेर येऊन मोटारसायकलला किक मारता तेव्हा साडेबावीस तास झालेले असतात. मी स्वतः मोशीच्या अलीकडे एकदा पुढच्या ट्रकचे लाल दिवे अचानक हातभरावर आलेले पाहिले आहेत. मधला रस्ता कसा गेला ते आठवत नाही. त्यानंतर कंपनीच्या बसने जाऊ लागलो. बस घरापासून दीड किलोमीटरवर सोडते म्हणून मी आधी ती टाळत होतो, याची आता लाज वाटते.

डुलकीबद्दल आपण विचारलेले नाही, पण रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठा अंथरून पडायची पद्धत सगळीकडे आहे, म्हणून लिहितो. डुलकी चांगलीच. अमेरिकेच्या अवकाश संस्थेने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी २६ मिनिटांच्या झोपेनेही त्यांची सावधगिरी लक्षणीय सुधारली होती. मात्र ती लांबली तर गाढ झोप लागते, आणि गाढ झोपेतून एकदम उठवलेल्या माणसाची बुद्धी पुढची काही मिनिटे, कधी अर्धा तासही, ताळ्यावर नसते. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले आणि १६६ पैकी १५८ माणसे गेली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज होता. चौकशी अहवालात मुख्य ठपका असा होता, की उतरण्याचा मार्ग चुकलेला असताना आणि सहवैमानिक पुन्हा वर चला असे सांगत असतानाही कॅप्टनने उतरणे सोडले नाही. पण उड्डाणातली दीर्घ झोप आणि त्यानंतरची गुंगी हे त्यामागचे एक कारण म्हणून अहवालाने नोंदवले आहे. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो, वीस मिनिटांचा गजर लावा, उठल्यावर तोंड धुवा, दहा मिनिटे चाला आणि मगच यंत्राला हात लावा.

शरीराचे नुकसान याहून संथ असते, त्यामुळे ते झोपेच्या खात्यावर कोणी मांडत नाही. १९९९ साली शिकागोत ११ निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले, तर त्यांच्या शरीराची रक्तातली साखर हाताळण्याची ताकद इतकी मंदावली की संशोधकांनी तिची तुलना वाढत्या वयातल्या बदलाशी केली. तरुण होते, सहाच रात्री होत्या. आपल्याकडे घरटी एखादा मधुमेही असताना ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर वर्षातून एकदा साखर तपासून घ्या. पुढे २००४ साली त्याच गटाने दाखवले की दोनच रात्री अपुरी झोप झाली तरी पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन घटते आणि भूक लावणारे घ्रेलिन वाढते. रात्री दोन वाजता कॅन्टीनमध्ये घरच्या डब्यातली भाजी-भाकरी तशीच राहते आणि सामोशापुढे रांग लागते, त्यामागे जिभेचे चोचले कमी आणि हे रसायन जास्त असावे. सर्दी-पडशाचेही तसेच: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीडशेवर लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले गेले, तेव्हा सात तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण आठ तास वा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. याशिवाय रक्तदाब रात्रीच्या झोपेत उतरतो. ती विश्रांती वर्षानुवर्षे कमी मिळाली की रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ पासून रात्रपाळीची नोंद ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली आहे, पण त्या गटात लाल मांसही आहे हे ध्यानात ठेवा. ते वाचून घाबरून राजीनामा देऊ नका.

प्रश्न उरतो की पाचच तास का होतात, कारण सकाळी साडेसातला घरी येणाऱ्या माणसाकडे झोपायला दिवस पडलेला असतो. शरीरातले घड्याळ उजेडावर चालते. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान ते आपल्याला आडवे पाडू पाहते आणि दहा-अकरानंतर उठवू पाहते, मग आपण कितीही दमलेले असा. त्यात कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची हाळी, गॅस सिलिंडरवाल्याची बेल आणि ‘जागा आहेस ना, जरा बँकेत जाऊन ये’ हे आलेच. आमच्याकडे घड्याळापेक्षा या दुसऱ्या गोष्टींनीच जास्त झोप खाल्ली. माझ्या पत्नीने शेवटी खिडकीला जुनी गोधडी दुहेरी करून ठोकली, बेलची वायर काढली आणि दुपारी तीनपर्यंत घरात कोणी मला हाक मारायची नाही असे ठरवून टाकले. औषधाची एक गोळी न घेता माझी झोप दीड तासाने वाढली. घरी येताना मी काळा चष्मा लावत असे, त्यावरून खूप चेष्टा झाली, पण सकाळचे ऊन डोळ्यांवर कमी पडले की झोप लवकर लागते. चहाचेही गणित करा. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात; पहाटे चारचा कडक चहा सकाळी नऊला निम्मा शिल्लक असतो, म्हणून माझा शेवटचा चहा दोनचा. पाळ्या पहिली-दुसरी-तिसरी अशा पुढे सरकत असतील तर शरीराला त्या झेपतात, उलट्या फिरत असतील तर जास्त त्रास होतो. आपल्याकडे उलट्या असतील तर युनियनमार्फत बदलाची मागणी करण्याजोगी ही गोष्ट आहे, कारण त्यात मालकाचा एक रुपयाही खर्च होत नाही.

जन्मतःच कमी झोप लागणारी माणसे असतात हे खरे आहे, आणि अशा काही जणांत एका जनुकाचा वेगळा प्रकार २००९ साली सापडलाही आहे. पण ती अत्यंत विरळा असतात, आणि ती गजराशिवाय, सुट्टीच्या दिवशीही, आपण होऊन लवकर उठतात. आपण रविवारी दुपारपर्यंत झोपता असे आपणच लिहिले आहे, तेव्हा आपण त्यांच्यातले नाही. आणि पुरेसे तास झोपूनही दिवसा पेंग येत असेल, किंवा आपण मोठ्याने घोरता आणि झोपेत श्वास अडकतो असे घरचे सांगत असतील, तर मात्र माझे उत्तर बाजूला ठेवा आणि कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवा.

आपली गरज किती हे पुस्तकातून काढण्यापेक्षा गणपतीच्या किंवा दिवाळीच्या रजेत मोजून पाहा. दहा दिवस रात्री एकाच वेळी आडवे व्हायचे, गजर लावायचा नाही, आणि उठल्याची वेळ लिहून ठेवायची. मी गावी हे केले तेव्हा पहिले तीन-चार दिवस दहा-दहा तास झोपलो, आई म्हणाली आजारी आहेस का. आठव्या दिवसापासून सकाळी आपोआप जाग येऊ लागली आणि आकडा साडेसात तासांवर स्थिर झाला. चौदा वर्षे मी साडेपाचवर चालवले होते.